अपडेटनंतर आवाज गेला आणि मी त्या नंबरवर फोन लावला

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तरी मी बरेच दिवस चालढकल केली, कारण माझा लॅपटॉप नीट चालला होता आणि चालत्या गोष्टीला हात लावायला मला भीती वाटते. शेवटी एका रात्री विंडोज ११ टाकलं. सकाळी उघडलं तर सगळं जागच्या जागी होतं, फक्त आवाज नव्हता. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुली आली होती.

मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं हे माझं काम आहे, म्हणजे आवाज गेला की काम थांबलं. आठवडाभर मोबाइलवर ऐकत लॅपटॉपवर टाइप केलं. पण एकेक वाक्य तीन-तीनदा मागे नेऊन ऐकावं लागतं, आणि दोन तासांच्या मजकुराला अख्खा दिवस पुरेना. आठव्या दिवशी दुसऱ्या दिवशी द्यायचं काम अर्धं पडून होतं. संध्याकाळी मी सर्चमध्ये 'अपडेटनंतर आवाज येत नाही' असं टाकलं. सगळ्यात वर एक नंबर होता, 'सपोर्ट'चा. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं होतं. ते मी नंतर पाहिलं.

अनोळखी माणसाचा फोन आला तर माहिती द्यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. असे फोन मी आजवर कितीतरी वेळा कापलेत. पण इथे फोन मीच लावला होता, म्हणून मन सावध झालंच नाही. सगळे 'त्यांचा फोन येतो' एवढंच सांगतात. ते लोक जाहिरात लावून आपल्या फोनची वाट बघत बसतात, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

फोनवरचा माणूस अतिशय शांत होता. अपडेट कधी केलं, लॅपटॉप किती जुना, आवाज हेडफोनमधूनही येत नाही का, असे अगदी बरोबर प्रश्न त्याने विचारले. "मॅडम, घाबरू नका, अपडेटनंतर खूप जणांचं असं होतंय," म्हणाला. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की पुढचं सगळं मी त्या हलकेपणात केलं. त्याने एक छोटं अ‍ॅप उतरवायला सांगितलं, त्यात आलेला नऊ आकडी क्रमांक वाचून दाखवायला लावला आणि मग परवानगीच्या बटणावर क्लिक करायला सांगितलं. पुढच्या क्षणी माझ्या स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला.

आता यानंतर त्याने जे दाखवलं ते नीट वाचा. त्यातली एकही गोष्ट त्याने तयार केलेली नव्हती. सगळं माझ्याच लॅपटॉपमध्ये होतं आणि तुमच्याही आहे.

आधी त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. हे विंडोजमधलं नोंदवहीसारखं साधन आहे. आत काय काय घडलं त्याची तारीखवार नोंद तिथे राहते. त्याने डाव्या बाजूला दोन-तीन क्लिक केले आणि उजवीकडे लांबच लांब यादी आली. लाल गोलात उद्गारचिन्हं, पिवळे त्रिकोण, वर एकूण नोंदींचा आकडा दोन हजारांच्या पुढे. "हे बघा, किती लाल खुणा आहेत," तो म्हणाला, आणि सावकाश खाली सरकवत राहिला. यादी संपेचना. माझ्या पोटात गोळा आला. १०००, ७०००, १००१६ असे क्रमांक होते. १००१६ वर त्याने बाण थांबवला आणि म्हणाला, "ही घुसखोरीची नोंद."

ती घुसखोरीची नोंद नसते. १००१६ ही परवानगीची एक किरकोळ नोंद आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करावं असं खुद्द मायक्रोसॉफ्टचं स्पष्टीकरण आहे. एखादं अ‍ॅप मध्येच बंद पडलं, पडद्यामागे आपोआप चालणारी एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही, नेट क्षणभर गेलं, तरी लाल किंवा पिवळी खूण पडते. एकदम ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही अशा शेकडो खुणा असतात, आणि मोठ्या अपडेटनंतर तर हमखास वाढतात, कारण त्या रात्री सगळंच हललेलं असतं.

मग त्याने काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली. आकड्यांच्या ओळी आल्या, एका रकान्यात 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असं शीर्षक. "हे परदेशी पत्ते. आत्ता, या क्षणी हे लोक तुमच्या मशीनला जोडलेले आहेत." तिथे फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे, पलीकडच्या टोकाचा पत्ता. माझ्या ब्राउझरमध्ये मेल उघडा होता, बातम्यांचं पान उघडं होतं, त्यांचेच ते पत्ते. त्यानंतर सेवांची यादी, त्यात निम्म्यांपुढे 'स्टॉप्ड'. "तुमच्या सुरक्षा सेवा कुणीतरी बंद केल्यात." विंडोजमधल्या कितीतरी सेवा गरज लागेपर्यंत बंदच असतात, ते नेहमीचंच आहे.

एवढं होऊनही माझ्या मनात थोडी शंका होती. तुम्ही नेमके कुठून बोलताय, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स क्रमांक आमच्याकडे नोंदलेला आहे, मी वाचतो, तुम्ही स्क्रीनवर ताडून बघा." त्याने मला एक छोटी आज्ञा टाइप करायला लावली आणि एंटर दाबायच्या आधीच वाचायला सुरुवात केली. आठ आठ आठ, डी सी ए, सहा शून्य... मी एंटर दाबलं. यादीच्या शेवटी तोच क्रमांक, एकेक अक्षर जुळणारा. इथे माझी शंका संपली.

तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये अगदी तोच आहे. लायसन्सशी त्याचा संबंध नाही. झिप फोल्डरला फाइल पाठवायच्या एका सोयीचा तो अंतर्गत ओळखक्रमांक. ही युक्ती फार जुनी आहे, आणि मला तिची माहिती असती तर मी तिथेच फोन ठेवला असता. आठ आठ आठ डी सी ए सहा शून्य, एवढं तरी लक्षात ठेवा.

त्याचं निदान असं होतं: आत कुणीतरी शिरलंय, त्यामुळे अपडेट अर्धवट बसलंय आणि सुरक्षेसाठी साउंड कार्ड आपोआप बंद झालंय. साउंड कार्ड असं कधी बंद होत नाही. पण घाबरलेल्या माणसाला एकच कारण हवं असतं, ज्यात सगळं बसेल, आणि ते त्याने दिलं.

मग 'साफसफाई'. त्याने डिस्क क्लीनअप उघडलं आणि 'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' यावर खूण केली. एक चौकट आली. ती मी वाचायला लागले होते: हे काढलंत तर आधीच्या विंडोजवर परत जाता येणार नाही, अशा अर्थाची. मी निम्म्यात असताना बाणाने 'यस' दाबलं. "काय होतं ते?" मी विचारलं. "जुना कचरा, मॅडम. वीस जीबी मोकळे झाले."

तो कचरा नव्हता, माझा परतीचा रस्ता होता. मोठं अपडेट झालं की जुनं विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये १० दिवस राहतं. तेवढ्या दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'गो बॅक' दाबलं की आपण आधीच्या विंडोजवर परत येतो. माझा आठवा दिवस होता. ती सोय आहे हेच मला माहीत नव्हतं, आणि पैशांइतकीच ही गोष्ट मला अजून लागते.

पैसे दुरुस्तीचे आणि 'तीन वर्षांच्या संरक्षणाचे' असे एकत्र मागितले. रक्कम सांगत नाही. माझ्या जवळजवळ महिनाभराच्या कामाचे ते पैसे होते. कार्डाचे आकडे मी त्याने उघडलेल्या पानावर भरले, मोबाइलवर आलेला कोडही भरला. पैसे गेले. आवाज अजून आलेला नव्हता.

इथे थांबला असता तर मला कदाचित दुसऱ्या दिवसापर्यंत काही कळलंच नसतं. पण तो म्हणाला, पावती पक्की करायला एकदा बँकेच्या पानावर लॉग इन करा. मी केलं. लगेच स्क्रीन काळी झाली, मध्ये पांढऱ्या अक्षरात 'अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका'. आणि मोबाइलवर मेसेज आला. "तो कोड मला सांगा, अपडेट पूर्ण होईल," तो म्हणाला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी काहीतरी शेवटपर्यंत वाचलं. मेसेजमध्ये एका अनोळखी नावावर मोठी रक्कम पाठवायची असल्याचं लिहिलं होतं. अपडेटचा त्यात उल्लेख नव्हता. मी म्हटलं, यात पैसे पाठवायचं लिहिलंय. इतका वेळ शांत असलेला तो आवाज क्षणात चढला. "कोड सांगा, नाहीतर मशीन कायमचं जाईल."

मी उठून राउटरची वायर भिंतीतून उपटली. मग पॉवरचं बटण लॅपटॉप बंद होईपर्यंत दाबून धरलं. हात थरथरत होते.

पहिला फोन बँकेला केला. कार्ड बंद, नेट बँकिंग बंद, तक्रार नोंदली. दुसरा मावसभावाला. तो म्हणाला, "ताई, लॅपटॉप चालू करू नकोस, आणि सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदल, वाय-फायवरून नको. मेलचा आधी." मेलचा आधी, कारण बाकीचे सगळे पासवर्ड मेलवरूनच परत मिळवता येतात. रात्री तो आला आणि नेट न जोडता लॅपटॉप उघडला. ते छोटं अ‍ॅप विंडोजबरोबर आपोआप सुरू होण्याच्या यादीत जाऊन बसलं होतं, आणि त्यात माझी परवानगी न विचारता आत येण्यासाठी पासवर्ड लावून ठेवलेला होता. म्हणजे फोन ठेवल्यावरही त्याला कधीही येता आलं असतं.

मग भावाने स्वतःचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. ज्यात काहीही बिघडलेलं नाही, ज्यावर तो दिवसभर काम करतो, तो. इव्हेंट व्ह्यूअर उघडलं: लाल गोल, पिवळे त्रिकोण, १००१६ तर ओळीने. काळ्या खिडकीत तीच आज्ञा टाकली: आठ आठ आठ, डी सी ए. मी ते किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. तो काही बोलला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

लॅपटॉप पूर्ण पुसायचं ठरलं. मी म्हटलं, पुसायच्या आधी एकदा आवाज का येत नाही ते बघ. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडलं. साउंडच्या ओळीखाली जुन्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला स्पीकर चालवायला लागणाऱ्या प्रोग्रॅमवर, पिवळी खूण होती. विंडोज १० साठीचा तो ड्रायव्हर नव्या विंडोजशी जुळत नव्हता. त्यावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग कॉम्प्युटरमधल्याच यादीतून निवडायचा पर्याय, आणि यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. विंडोजबरोबरच येणारा साधा ड्रायव्हर. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि मुलाखतीतल्या आजी बोलायला लागल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. मला तिथेच रडू आलं.

तरी लॅपटॉप पूर्ण पुसलाच. परका माणूस तासभर आत फिरून गेल्यावर काय काय ठेवून गेला याची खात्री देता येत नाही. माझ्या फाइल्स बाहेर काढल्या, भावाच्या मशीनवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार केलं, नव्याने टाकलं. लायसन्स आपोआप लागू झालं, कारण ते त्याच मशीनच्या नावावर नोंदलेलं असतं. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

तुमचंही अपडेटनंतर काही बिघडलं असेल, प्रिंटर, वाय-फाय, आवाज, काहीही, तर आधी बघा की १० दिवस झालेत का. झाले नसतील तर परत जायची वाट उघडी आहे, कुणालाही ती साफ करू देऊ नका. विंडोजमध्येच 'गेट हेल्प' नावाचं अ‍ॅप आहे, ते आवाजाची तपासणी स्वतः करतं. ड्रायव्हर हवा असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून जा, सर्चच्या पहिल्या ओळीवरून नको. स्क्रीनभर चौकट येऊन भोंगा वाजत असेल आणि त्यात फोन नंबर असेल, तर ती ब्राउझरमधली जाहिरात आहे. विंडोजच्या खऱ्या त्रुटीच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

बँकेने चौकशी केली. पहिला व्यवहार माझ्याच कोडने झालेला असल्यामुळे तो परत मिळणं कठीण आहे असं त्यांनी सांगितलं. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे.

तीन आठवड्यांनी आणखी एक फोन आला. बाई होत्या, बोलणं अदबीचं. माझं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्यांना माहीत होतं. "तुमच्याबरोबर जे झालं ते फार वाईट झालं, आम्ही अशा लोकांचे पैसे परत मिळवून देतो." मी विचारलं, काय करावं लागेल? "एक छोटं अ‍ॅप घ्यावं लागेल, मॅडम. त्यात नऊ आकडी क्रमांक येईल, तो फक्त मला वाचून दाखवा."

फोन ठेवला, नंबर लिहून घेतला आणि पोलिसांकडच्या तक्रारीत जोडला.