आरटीएल-एसडीआर डोंगल: डिजिटल कम्युनिकेशनच्या प्रॅक्टिकलसाठी

सॅम्पलिंग आणि डीमॉड्युलेशन फक्त फळ्यावर शिकणाऱ्या प्रत्येक ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन) विद्यार्थ्याकडे हा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ रिसीव्हर, असायलाच हवा. आत आर८२०टी२ ट्यूनर आणि आरटीएल२८३२यू चिप. फ्रिक्वेन्सीचा पट्टा साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ.

लिनक्सवर पहिली अडचण ठरलेली. कर्नल याला टीव्ही ट्यूनर समजून ताब्यात घेतो. डीव्हीबी (डिजिटल टीव्हीचा) ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून मशीन रीस्टार्ट करा. सॅम्पल रेट सेकंदाला २.४ मेगासॅम्पलच ठेवा, ३.२ वर सॅम्पल गळतात आणि दोष विनाकारण डीकोडरमध्ये शोधला जातो.

जीएनयू रेडिओ या सिग्नल प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एफएमसाठी आधी १० ने डेसिमेट करा (सॅम्पल रेट तितक्या पटीने कमी करा), म्हणजे २४० किलोसॅम्पल. मग क्वाड्रेचर डीमॉड (एफएममधून मूळ सिग्नल काढणारा ब्लॉक), पुढे ५ ने डेसिमेट करून ४८ किलोसॅम्पल. डी-एम्फसिस (पाठवताना वाढवलेले उंच स्वर परत खाली आणणं) ५० मायक्रोसेकंद. ७५ राहिले तर आवाज दबका येतो. ऑडिओ फिल्टरच्या आधीचा स्पेक्ट्रम मात्र आवर्जून पाहा. १९ किलोहर्ट्झवर पायलटची (स्टिरिओची खूण असलेल्या स्थिर स्वराची) सुई, ३८ भोवती स्टिरिओ आणि स्टेशन पाठवत असेल तर ५७ वर आरडीएस (स्टेशनच्या नावासारखा डिजिटल डेटा). ५७ म्हणजे पायलटच्या तिप्पट, आणि त्याला ४८ ने भागले की आरडीएसचा बिटरेट मिळतो: सेकंदाला ११८७.५ बिट. कॅरिअर आणि क्लॉक रिकव्हरी (आलेल्या सिग्नलमधूनच वाहक लहर आणि बिटांची लय परत मिळवणं) समजायला इतकं सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही.

सिग्नलचे आकडे करणारा एडीसी फक्त ८ बिटांचा. त्यामुळे एजीसी (गेन आपोआप ठरवणारी सोय) बंद करून गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, हाताने लावा. टॉवर जवळ असताना गेन कमाल ठेवला तर नसलेली स्टेशनं दिसू लागतात. या डोंगलने ट्रान्समिट होत नाही, फक्त रिसीव्ह होतं.

घेताना टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा ऑसिलेटर) असलेलाच घ्या. साध्या क्रिस्टलची ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० ची) चूक १०० मेगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झ असते, विमानांच्या सिग्नलच्या १०९० मेगाहर्ट्झवर तीच ५४ किलोहर्ट्झच्या पुढे जाते.