३२, ४३, ५५ की मॉनिटर? कमी बजेटात गेमिंगसाठी काय घ्यावं

गेमिंगसाठी टीव्ही बघायला कोल्हापुरात राजारामपुरीत जा नाहीतर शाहूपुरीत, पहिला प्रश्न येतो ‘किती इंची?’ आणि दुसरा ‘बजेट किती?’ कन्सोल कुठला, खेळता काय आणि बसता कुठं, हे कुणी विचारत नाही. पैसे वाया जातात ते नेमके तिथंच. पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर फुटबॉल खेळणाऱ्याच्या गळ्यात १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा टीव्ही मारला जातो. पीएस५ वर शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम खेळणारा मोठ्या स्क्रीनच्या नादात असा टीव्ही उचलतो, की यानं बटण दाबून गोळी सुटेपर्यंत समोरचा याला आडवा करून मोकळा.

साधारण पंधरा ते चाळीस हजारांच्या मधे खरे पर्याय चारच उरतात: ३२ इंची एचडी रेडी, ४३ इंची फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा), ‘१२० हर्ट्झ’ असं लिहिलेला ५५ इंची क्यूएलईडी, आणि २७ इंची गेमिंग मॉनिटर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३२ इंचीला आधीपासून १८ टक्केच होता. त्यामुळं ३२ आणि ४३ मधली दरी थोडी कमी झाली, हे भाव काढताना ध्यानात ठेवा.

आता आधी उशिराचं बघू, कारण इंच आणि हर्ट्झ त्याच्यानंतर येतात.

कन्सोलकडून आलेलं चित्र टीव्ही लगेच दाखवत नाही. रंग खुलवतो, कडा धारदार करतो, मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनानं भरतो, आणि मग पडद्यावर टाकतो. सिनेमा बघताना याचा काही त्रास नाही. खेळताना मात्र तोच वेळ तुमच्या बोटात आणि पडद्यात येऊन बसतो. ही सजावट कमी करणारा गेम मोड चालू असला की बऱ्याच ६० हर्ट्झ टीव्हींचा हा उशीर १० ते २० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. तोच टीव्ही ‘व्हिव्हिड’वर ठेवला तर ५० ते १०० पर्यंत जाऊ शकतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे १०० मिलिसेकंद उशीर झाला तर तुम्ही सहा फ्रेम मागं. पेनल्टी अडवायला गोलकीपर हलवला तोवर बॉल जाळीत.

आणि कोल्हापुरात ज्याच्या घरी कन्सोल, त्याच्याकडं बहुतेक फुटबॉलच चालणार. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरवणारं हे गाव. आता ज्याला आपण अजूनही फिफाच म्हणतो, तो ईए एफसी कन्सोलवर ६० फ्रेम्सनं चालतो. त्याच्यासाठी १२० हर्ट्झ पॅनेलचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याला कमी उशीर हवा, आणि बाजूला बसलेल्या मित्राला तेवढंच स्वच्छ दिसणारं पॅनेल हवं. ज्याचा वेळ फोर्टनाइट किंवा कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनमध्ये जातो त्याची गोष्ट वेगळी. पीएस५ वर हे १२० फ्रेम्सनं चालतात, आणि तो फरक हाताला जाणवतो.

टीव्हीचा उशीर घरीच ताडून बघता येतो. मोबाईलचा स्लो मोशन २४० फ्रेम्सवर ठेवा, कंट्रोलर आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या, बटण दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवत बटण दबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. यात गेमचा आणि कन्सोलचा स्वतःचा वेळही येतो, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. एकदा गेम मोड चालू ठेवून मोजा, एकदा बंद ठेवून. दोन्हींतला जो फरक, तो टीव्ही खात होता. शोरूममध्ये कन्सोल जोडलेला असेल तर तिथंही हे करून बघता येतं. सेल्समनला वेड्यासारखं वाटेल, वाटू द्या.

३२ इंची एचडी रेडी

याला नाक मुरडायची पद्धत पडली आहे, पण पीएस४ वाल्यानं थांबून विचार करावा. साधा पीएस४ १०८०पी (म्हणजे फुल एचडी) ६० हर्ट्झच्या वर काही देतच नाही. एचडी रेडी पॅनेल मात्र १३६६ बाय ७६८ चं असतं, म्हणजे आलेलं चित्र टीव्ही दाबून बसवतो. खेळाडू, मैदान, गाड्या ठीक दिसतात. मार बसतो तो बारीक अक्षरांना आणि कोपऱ्यातल्या नकाशाला. पलंगावरून सहा-सात फुटांवर बसून खेळणार असाल तर पडद्यावरचे ठिपके डोळ्याला वेगळे कळत नाहीत, त्यामुळं वाटतं तेवढं वाईट नाही. खरी अडचण अशी, की या आकारात स्वस्तातल्या मॉडेलना कामाचा गेम मोड असेलच याची खात्री नाही. ३२ मध्येच फुल एचडी मिळाला तर तो घ्या. पीएस५ साठी मात्र ३२ एचडी रेडी नको. एवढा महाग कन्सोल घेऊन त्याचं चित्र असं चेपायचं कशाला?

४३ इंची फोर-के, साधा ६० हर्ट्झ

माझं मत बहुतेक घरांसाठी इथंच पडतं. पेठेतल्या जुन्या घराचा सोपा किंवा फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली धरा. भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला लागून पलंग, म्हणजे डोळे पडद्यापासून सात फुटांवर. ४३ इंचावर फुल एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडं डोळ्याला कळेनासे होतात. म्हणजे सात फुटांवरून फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक नावापुरता. मग फोर-के का घ्यायचा? कारण या आकारात बरी पॅनेलं, बरा गेम मोड आणि कन्सोल जोडल्यावर आपोआप गेम मोडवर जाणारं एएलएलएम हे सगळं फोर-के मॉडेलमध्येच सापडतं. फुल एचडी ४३ मध्ये निवडीला फारसं काही उरलेलं नाही.

इथं पॅनेलचा प्रकार विचारा. आयपीएस असेल तर कोपऱ्यात चटईवर बसलेल्या मित्रालाही रंग तेच दिसतात, पण रात्री दिवे घालवले की काळा रंग राखाडी दिसतो. त्याचा कॉन्ट्रास्ट हजाराला एक असा काहीतरी असतो. व्हीए पॅनेलचा तीन हजारांच्या पुढं जातो आणि अंधाऱ्या गुहा, रात्रीचे रस्ते त्यावर झकास दिसतात. मात्र बाजूनं बघितलं की चित्र धुतल्यासारखं होतं, आणि काळ्या भागात हलणाऱ्या वस्तूमागं थोडी सावली ओढल्यासारखी दिसते. चौघं मिळून फुटबॉल खेळणार असाल तर आयपीएस. एकटे, रात्री, दार लावून खेळणार असाल तर व्हीए. दुकानदाराला प्रकार सांगता आला नाही तर पडद्यासमोरून बाजूला सरका आणि पांढरं-लाल चित्र फिकं पडतं का बघा. मात्र डेमो मोड बंद करायला लावून बघा, त्या भडक मोडवर कुठलाही टीव्ही देखणाच दिसतो.

एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवण्याच्या शिक्क्याला या किमतीत भाव देऊ नका. पडद्याची चमक अडीचशे-तीनशे निट्सच्या (चमक मोजायचं एकक) आसपास आणि लोकल डिमिंग, म्हणजे मागचा उजेड भागाभागानं मंद करायची सोय नाही, अशा टीव्हीवर एचडीआर लावलं की कित्येकदा चित्र मंद दिसतं. बंद ठेवलेलं बरं.

५५ इंची क्यूएलईडी, १२० हर्ट्झ

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाळीस हजारांच्या आत ५५ इंची फोर-के टीव्हीवर १२० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर तीन शक्यता. एक, पॅनेल ६० हर्ट्झचंच आहे आणि मधल्या फ्रेम्स टीव्ही स्वतः बनवतो. त्याला एमईएमसी म्हणतात, आणि गेममध्ये त्याचा उपयोग शून्य, उलट उशीर वाढतो. दोन, डीएलजी. यात ६० हर्ट्झचं पॅनेल एका वेळी दोन-दोन ओळी एकत्र रंगवतं, म्हणून दुप्पट वेगानं चालतं, पण उभ्या दिशेनं अर्धी बारकाई जाते. तीन, अस्सल १२० हर्ट्झ. या भावात ५५ इंचात तो सहसा बसत नाही.

डीएलजीला मी सरसकट फसवणूक म्हणणार नाही. वेगवान शूटरमध्ये हालचाल गुळगुळीत होते, उशीरही कमी होतो, आणि पळापळीत बारकाई गेलेली फारशी कळत नाही. पण अस्सल १२० च्या भावात तो घेऊ नका. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत डीएलजी किंवा त्याच अर्थानं वापरला जाणारा एचएसआर हे शब्द शोधा. फोर-के १२० खरोखर हवं असेल तर एचडीएमआय २.१ पोर्ट लागतं. २.० ची १८ गिगाबिटची वाट फोर-केला ६० पर्यंतच पुरते. १०८०पी किंवा १४४०पी (फुल एचडी आणि फोर-केच्या मधलं) मात्र २.० वरही १२० नं जातं. एक्सबॉक्समध्ये ‘टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स’च्या आत ‘फोर-के टीव्ही डिटेल्स’ उघडलं की काय काय चालतं ते टिकमार्कसह दिसतं. टीव्ही सिग्नल घेतो एवढंच त्यातून कळतं. पॅनेल सगळ्या ओळी दाखवतं की नाही, ते कळत नाही.

क्यूएलईडी म्हणजे काही वेगळाच पडदा नव्हे. एलसीडीच, फक्त मागच्या उजेडावर क्वांटम डॉटचा थर. रंग भरदार होतात, काळा रंग तसाच राहतो. आणि ५५ इंच सात फुटांवरून बघताना घरच्यांच्या मालिका आणि मॅच मस्त दिसतात, हे मान्य. घरातला एकुलता टीव्ही असेल, पैसे सगळ्यांचे असतील, तर हा पर्याय तिथं जिंकतो. गेमिंगच्या जोरावर नाही.

२७ इंची मॉनिटर

पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एस, एकट्यानं खेळणं, टेबल-खुर्ची, आणि शूटरचा नाद. एवढं जुळलं तर वरचे तिन्ही विसरा. १४४०पी, १४४ हर्ट्झ किंवा जास्त असा मॉनिटर कित्येकदा ४३ इंची टीव्हीपेक्षा स्वस्तात पडतो, त्याचा उशीर नगण्य असतो आणि १२० हर्ट्झ अस्सल असतं. पीएस५ ला १४४०पी सप्टेंबर २०२२ च्या अपडेटनं आलं. ‘व्हिडिओ आउटपुट’मध्ये १४४०पी तपासायची सोय आहे, ती आधी चालवा. व्हीआरआर, म्हणजे पडद्याचा वेग गेमच्या फ्रेम्सशी जुळवून घेणं हवं असेल तर पीएस५ ला एचडीएमआय २.१ चा मॉनिटर लागतो. सिरीज एसचं फ्रीसिंक (वेग जुळवायची एएमडीची पद्धत) असलेल्या २.० वरही भागतं. साध्या पीएस४ साठी मात्र १४४०पी मॉनिटर घेऊ नका. तो १०८०पी देणार, आणि ताणलेलं चित्र मऊ दिसणार. त्याला २४ इंची फुल एचडी बरा.

तोटेही आहेत. आवाज नसतो किंवा नावाला असतो, हेडफोन कंट्रोलरला लावावा लागतो. ब्लूटूथ हेडफोन पीएस५ ला थेट जोडता येत नाही. आणि मित्र आले की चौघांनी २७ इंचात डोकं घालायचं. पण रात्री आठ वाजता हॉलमधला टीव्ही कोणाचा, हे भांडण मात्र कायमचं मिटतं.

घरी आणल्यावर

आधी माप. हॉलमधल्या बऱ्याच शोकेसचा कप्पा ३२ च्या हिशोबानं केलेला असतो. ४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंटीमीटर रुंद, आणि त्याचे पाय अगदी दोन टोकांना. कप्पा मोजूनच पैसे द्या. भिंतीवर लावायला आलेला मुलगा सवयीनं वर लावतो. पलंगावर बसा आणि पडद्याचा मध्य डोळ्यांसमोर येईल असं छिद्र मारायला सांगा, नाहीतर व्हीए पॅनेल खालून फिकं दिसेल.

मग एचडीएमआय पोर्टचं सेटिंग. कित्येक टीव्हींत ते मुळातच बंद असतं: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. हे चालू केलं नाही तर टीव्ही फोर-के असूनही कन्सोलला पूर्ण वाट मिळत नाही. पीएस५ सोबत आलेलीच केबल वापरा. गेम मोड चालू, वीज वाचवणारा इको मोड बंद, शार्पनेस खाली, मोशनचं जे काही असेल ते बंद. स्कोअर कडेला कापला जात असेल तर चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ करा. लॅपटॉप जोडून अक्षरं पुसट दिसली तर इनपुटचं नाव ‘पीसी’ करून बघा, सॅमसंग-एलजीवर फरक पडतो. आणि टीव्हीचे स्वतःचे ॲप रडतखडत चालत असतील म्हणून गेमची काळजी करू नका. कन्सोलचं चित्र त्या प्रोसेसरच्या जोरावर चालत नाही.

घ्यायच्या आधी एवढं विचारा की सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की माणूस पुण्याहून येणार. वॉरंटी संपल्यावर पॅनेल गेलं तर त्याचा खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

विजेचं राहिलं. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टॅबिलायझरची गरज नाही, सर्ज प्रोटेक्टर मात्र लावा. एप्रिल-मेमधल्या वळवात वीज कडाडायला लागली की टीव्ही आणि कन्सोल दोन्हींचे प्लग काढा, आणि डिशची वायरही सेट-टॉप बॉक्समधून काढून ठेवा. झटका कित्येकदा त्या वायरीतून येतो आणि एचडीएमआय पोर्ट घेऊन जातो. इन्व्हर्टरवर खेळणार असाल तर पीएस५ खेळताना २०० वॉटच्या आसपास घेतो, वर टीव्हीचे ऐंशी-शंभर. सिरीज एस शंभरच्या आत राहतो.