किसन नगरचं संध्याकाळचं सेंटर: पोरांना पाठवावं का?

संध्याकाळी पोरं नाक्यावर जाऊन बिघडू नयेत म्हणून चाललेल्या या सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. सेंटर चालवणाऱ्या सरांनीच नको म्हटलंय. एकदा "बिघडलेल्या पोरांचं सेंटर" असा शिक्का बसला की आईबाप पाठवत नाहीत, आणि जी पोरं जातात त्यांच्याकडे अख्खी चाळ वेगळ्या नजरेने बघते. ठाण्यात वागळे इस्टेट साइडला राहत असाल तर व्यायामशाळेच्या वरचा हॉल विचारा, कोणीही दाखवेल.

सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 5 ते 9. खाली कबड्डी, वर अभ्यासिका, शनिवारी टू-व्हीलर रिपेअरिंग शिकवतात आणि महिन्यातून एकदा पालकांची मीटिंग. फी महिना 200, नाही जमली तर कोणी दारात येऊन मागत नाही. माझा भाचा नववीत आहे, तो जातो. ताई हाऊसकीपिंगला आहे, दुपारी निघते ती रात्री साडेनऊशिवाय घरी नाही, भावजी सहाला नाइट ड्युटीला जातात, म्हणजे सहा ते साडेनऊ घरात हा एकटा, हातात मोबाईल आणि खाली नाका. आमच्याकडे निम्म्या घरांत हेच आहे. वागळेतल्या कंपन्या एकेक करून गेल्या, आयटी पार्क आले, आणि पर्मनंट नोकरीवाल्या बापांची पोरं आता कंत्राटावर सिक्युरिटी नाहीतर डिलिव्हरी करतात, ड्युटीचा टायमिंग धड नाही, त्यामुळे पुढच्या पिढीकडे बघायला संध्याकाळी घरात कोणीच नसतं. म्हणून या सेंटरचा टायमिंगच मला सगळ्यात भारी वाटतो. सकाळी 8 वाजता संस्कार वर्ग घेऊन काय उपयोग, त्या वेळेला कोण बिघडतंय.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे हजेरी. पोरगं आलं नाही तर सर आधी घरी फोन करत नाहीत, टीमच्या कॅप्टनला पाठवतात. हा कॅप्टन म्हणजे दहावीतला एक काडीपैलवान, तो अनवाणीच पळत जातो, नाक्यावर जाऊन "चल ना यार, सातात एक कमी पडतोय" एवढंच बोलतो आणि पोराला घेऊनच येतो. चारचौघांत ओरडा नाही, इज्जत जात नाही. दाराशी एक स्टीलचा डबा आहे, आल्या आल्या फोन त्यात. सुरुवातीला भाच्याने तोंड वाकडं केलं होतं, आता काही बोलत नाही.

पोरगं एका रात्रीत हाताबाहेर जात नाही. आधी नाक्यावरचा कोणीतरी दादा वडापाव खायला घालतो, मग गाडीवर मागे बसवून फिरवतो, मग बड्डेला तलवारीने केक कापतानाच्या रीलमध्ये याला शेजारी उभं करतो, आणि मग एक दिवस "हे पाकीट तेवढं पुढच्या चौकात देऊन ये" म्हणतो. पोराने का-कू केलं की ठरलेला डायलॉग, "अरे तू अठराच्या आतला, तुला काय होतंय, दोन दिवसांत बाहेर." लोक गरिबी गरिबी करतात, पण गरीब घरातली शंभरातली बहुतेक पोरं नीटच असतात की. जिथे घरी विचारणारं कोणी नाही, शाळेत मन लागत नाही आणि बाहेर कोणीतरी भाव देतंय, तिथे जास्त लोचा होतो.

या डायलॉगवर सेंटरने जो उपाय काढलाय त्यासाठी मी एक स्टार जास्त देईन. अधूनमधून एक वकील ताई येतात, जमिनीवर पोरांसोबत बसतात. भाषण नाही, पोरांनी विचारायचं. ताईंनी आधी खरं ते सांगितलं, की हो, अठराच्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, बेडी घालत नाहीत, 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात, दोघांतली एक तरी बाई लागते. किरकोळ गुन्ह्यात सहसा एफआयआरसुद्धा होत नाही, पोलीस डायरीत नोंद होते. हे ऐकून पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मग ताई म्हणाल्या, आता पुढचं ऐका. 2012 च्या दिल्लीच्या निर्भया केसमध्ये एक आरोपी अठराच्या आतला होता, त्याला जास्तीत जास्त 3 वर्षंच ठेवता आलं, त्यावर देशभर राडा झाला आणि 2015 चा बाल न्याय कायदा आला. आता सोळा पूर्ण असतील आणि गुन्हा कमीत कमी 7 वर्षं शिक्षेचा असेल तर मंडळ आधी तपासून बघतं, याला परिणामांची समज होती का, आणि केस मोठ्या माणसासारखी चालवायला पाठवू शकतं. हॉल चिडीचूप.

नंतर याच कायद्याचं कलम 83. पोरांना हाताशी धरून बेकायदा कामं करवून घेणाऱ्या मोठ्या माणसाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड. दुसऱ्या कलमांखाली पोराच्या हातून नशेचा माल पोचवला किंवा विकला तरी 7 वर्षांपर्यंत, पोराला दारू-गांजा दिला तरी तेवढंच. मागे बसलेल्या एकाने विचारलं, "म्हणजे दादाला आपल्यापेक्षा जास्त?" ताई म्हणाल्या, "मग पाकीट तो स्वतः का नेत नाही, विचार त्याला." हे पोरांनी घरी जाऊन सांगितलं, आमच्या चाळीत दोन दिवस हाच विषय.

पालकांच्या मीटिंगला गेलो होतो, तिथे आमचीच हजेरी घेतली. पोरगं अॅक्टिव्हा घेऊन क्लासला जातं याचं आपल्याला कौतुक. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला नाहीतर गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत जेल आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, अॅक्टिव्हा त्यात बसतच नाही. पुण्याची मे 2024 ची पोर्शे केस निघाली, दोन जीव गेले आणि सुरुवातीला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला होता. एक काकू म्हणाल्या, श्रीमंतांचं काय ते. सर म्हणाले, काकू, घोडबंदरच्या टॉवरमधलं असो की आपल्या चाळीतलं, चावी आपणच देतो ना.

अजून एक कामाचं कळलं. कोणाच्या पोराने मोबाईल मारला, सीसीटीव्ही क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, नावासकट. पोलीस केसमधल्या मुलाची ओळख अशी फोडणं गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत जेल किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या ग्रुपच्या अॅडमिनने तिथेच बसून जुन्या दोन क्लिप डिलीट केल्या.

आता खटकलेलं. मुलींची बॅच नाही, विचारलं तर "जागा नाही" म्हणतात, मला पटत नाही, कबड्डी एक दिवसाआड केली तरी जागा होईल. अभ्यासिका वर आणि खालून "कबड्डी कबड्डी", दहावीवाल्यांनी काय डोंबल अभ्यास करायचा. समुपदेशक महिन्यातून एकदाच येतात, त्यामुळे व्हाईटनर हुंगण्यापर्यंत नाहीतर एमडीच्या (मेफेड्रोन) नशेपर्यंत गेलेलं पोर असेल तर हे सेंटर पुरणार नाही, हे सर स्वतःच सांगतात आणि डॉक्टरकडे पाठवतात. शाळा सोडलेली सोळा-सतराची पोरं शनिवारी गॅरेजला तेवढी येतात, बाकी दिवस त्यांच्यासाठी काही नाही, आणि खरी गरज त्यांनाच जास्त आहे. गॅरेजचं शिकवणं मात्र एक नंबर, पेपरवर कार्बोरेटर उघडून एकेक जेट पोरांकडूनच साफ करून घेतात, हात काळे झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. सगळं सरांच्या एकट्याच्या जिवावर चाललंय, ते गावी गेले की हॉलला कुलूप, हे पण बरं नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. सहावी-सातवीचं पोर असेल तर डोळे झाकून पाठवा, नववी-दहावीचं असेल तर आधी त्याला एकट्याला मॅच बघायला पाठवा, तुम्ही सोबत जाऊ नका. फॉर्म जूनमध्ये देतात, आधार आणि शाळेचं ओळखपत्र लागतं, पावसाळ्यात जिन्यावर पाणी साचतं तेव्हा चप्पल जपून.