नाचणीचे चिप्स : सात महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानातून मी गेले सात महिने एकाच कंपनीचे नाचणीचे चिप्स आणत आहे. मुलीला क्लासला जाण्यापूर्वी बटाटा वेफर्सऐवजी काही पौष्टिक द्यावे, एवढाच हेतू होता. चव उत्तम आहे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कुरकुरीतपणा आठवडाभर टिकतो. माझी तक्रार आहे ती पाकिटावर ठळक छापलेल्या ‘नाचणी’ या शब्दाबद्दल.

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे ठाऊक असूनही ती यादी मी तिसऱ्या महिन्यात नीट वाचली. आधी तांदळाचे पीठ, मग मक्याचे, त्यानंतर पामोलिन तेल आणि चौथ्या क्रमांकावर नाचणी, तीही 15 टक्के. म्हणजे 30 ग्रॅम चिप्समध्ये नाचणी भरते साडेचार ग्रॅम. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्या हिशेबाने या चिप्समधल्या नाचणीतून जेमतेम 16 मिलिग्रॅम मिळते. घरी 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी थापली, तर 200 मिलिग्रॅमच्या वर.

चिप्स तळलेले नाहीत, हे खरे आहे. तरीही 100 ग्रॅममध्ये 23 ग्रॅम स्निग्धांश आहे, कारण भाजल्यावर मसाला चिकटावा म्हणून वरून तेल फवारले जाते. वर्तमानपत्रावर चार चिप्स तासभर ठेवले, तेव्हा कागदावर त्यांच्या आकाराचे डाग उमटले होते. बटाटा वेफर्समध्ये हे प्रमाण 30 ते 35 ग्रॅमच्या घरात असते, तेवढा फायदा मात्र मान्य करायला हवा.

मला खरी काळजी वाटली ती मिठाची. 100 ग्रॅममध्ये 720 मिलिग्रॅम सोडियम आहे. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते, 1.8 ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमच्याकडे मुलगी व सासूबाई मिळून 150 ग्रॅमचे पाकीट एका संध्याकाळी संपवत असत. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. ‘नाचणीचे आहे, खा’ असे त्यांना मीच सांगत होते, याचे आजही वाईट वाटते.

आता पाकीट फोडल्याबरोबर मी 30 ग्रॅमच्या वाट्या काट्यावर मोजून भरते. एका वाटीत सोळा-सतरा चिप्स बसतात. मुलीला सोबत मूठभर फुटाणे देते, सासूबाईंना आठवड्यातून एकदाच वाटी मिळते. नाचणीचे प्रमाण दर्शनी बाजूस छापावे, असे कंपनीला दोनदा लिहिले; अद्याप उत्तर नाही.