पोटात सुई की तोंडात गोळी? सांधा बदलल्यावर घरी घ्यायच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा तुलनात्मक आढावा

गुडघा किंवा खुबा बदलून रुग्ण तीन-चार दिवसांत घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ असते: 'इंज. एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, पोटात, रोज एकदा'. मुलगा किंवा सून ते कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात येते, बॉक्स हातात घेते, किंमत बघते आणि आम्हाला हमखास विचारते, "याच्याऐवजी गोळी नाही का मिळत?"

मिळते. पण हा प्रश्न विचारायची जागा आमचं काउंटर नव्हे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांना तो विचारायला हवा. काउंटरवर एकाच्या जागी दुसरं औषध देणं आमच्या अधिकारात नाही, आणि जो देईल त्याच्याकडून घेऊही नये. हा आढावा त्या राउंडच्या तयारीसाठी आहे.

दोन्हींचं काम एकच. ऑपरेशननंतर रक्त साकळण्याकडे शरीराचा कल वाढतो, त्यात पाय हलत नाही, आणि पोटरी-मांडीच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेततं. हा धोका हॉस्पिटलमधून सुटल्यावर संपत नाही, म्हणून औषध घरीही चालू ठेवावं लागतं. गुडघ्यासाठी साधारण १० ते १४ दिवस, खुब्यासाठी ३५ दिवसांपर्यंत.

सुई जास्त गुणकारी असते का?

महाग आणि टोचणारं ते जास्त ताकदीचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. इथे तो खरा ठरत नाही. खुबा बदललेल्या रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबॅनच्या १० मिलिग्रॅम गोळीची एनोक्सापॅरिनच्या ४० मिलिग्रॅम इंजेक्शनशी तुलना झाली, तेव्हा गुठळी किंवा मृत्यूचं एकत्रित प्रमाण गोळीच्या गटात १.१ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात ३.७ टक्के निघालं. अपिक्साबॅनची २.५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देऊन गुडघ्याच्या रुग्णांमध्ये अशीच चाचणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हेच आकडे १५ आणि २४ टक्के होते. १५ टक्के वाचून दचकू नका. या चाचण्यांमध्ये प्रत्येकाच्या पायाच्या शिरांची मुद्दाम तपासणी केली होती, त्यामुळे कसलाही त्रास न देणाऱ्या गुठळ्याही मोजल्या गेल्या. त्रास देणाऱ्या गुठळ्या दोन्हीकडे बऱ्याच कमी.

म्हणजे मूत्रपिंड ठीक, उलट्या नाहीत, अडचणीची दुसरी औषधं चालू नाहीत, अशा रुग्णाला गोळी पुरते. माझ्या मते तीच सोयीची, आणि देशी जेनेरिक कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून इंजेक्शनपेक्षा बरीच स्वस्तही.

मग इंजेक्शन का लिहितात?

कधी निव्वळ सवयीने, कधी चांगल्या कारणाने. कारण कोणतं, तेच विचारायचं असतं.

दुसरी औषधं हे मोठं कारण. टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन, फिटसाठीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डाबिगॅट्रान या गोळ्यांचा रक्तातला अंश घटतो आणि संरक्षण अर्धवट राहतं. उलट, बुरशीसाठीच्या इट्राकोनाझोलसारख्या गोळ्यांनी तो वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. इंजेक्शनला ही भानगड नाही. म्हणून "बाकी काय चालू आहे?" या प्रश्नाला "बीपीची एक गोळी आहे" एवढंच मोघम उत्तर न देता सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.

रुग्ण उलट्या करतोय, पोटात काही ठरत नाही, तर गोळीचा भरवसा उरत नाही. पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर महिनाभर इंजेक्शन देण्याची रीत आहे. आणि गरोदर बाईला गुठळीचा धोका असेल तर प्रश्नच मिटतो: एनोक्सापॅरिन वारेतून बाळाकडे जात नाही, तर या नव्या गोळ्या गरोदरपणात टाळतात. तिथे सुईच.

मूत्रपिंडाचं प्रकरण मात्र दोन्हीकडून तपासावं लागतं, आणि घरच्यांची फसगत इथेच होते. ७५ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजी घ्या. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२. लॅबच्या कागदावर तो आकडा फार तर काठावर दिसतो आणि घरचे म्हणतात, "किडनी चांगली आहे." पण वय, वजन आणि स्त्री असणं धरून हिशोब मांडला की त्यांच्या मूत्रपिंडाची गाळणी, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, मिनिटाला २९ मिलिलिटरच्या आसपास येते. ३०च्या खाली एनोक्सापॅरिन शरीरात साठत जातं, म्हणून डोस कमी करतात. ४०ऐवजी २० मिलिग्रॅम ही एक रूढ पद्धत. गोळ्यांमध्ये डाबिगॅट्रान जवळजवळ ८० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे या आजींना ते नको. अपिक्साबॅन साधारण २७ टक्केच त्या वाटेने जातं. तेव्हा घरातलं माणूस वयस्कर आणि अंगाने बारीक असेल तर "क्रिएटिनिन क्लिअरन्स किती आला?" असं नेमकं विचारा.

एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढलेल्या हेपारिनपासून बनतं. ही गोष्ट बऱ्याच घरांत कुणी सांगतच नाही आणि कोर्स अर्धा झाल्यावर कुणीतरी मोबाइलवर वाचतं. ज्यांना धर्मामुळे किंवा आहाराच्या नियमामुळे ते चालत नाही, त्यांनी आधीच बोलावं. फोंडापॅरिनक्स नावाचं इंजेक्शन संपूर्ण रासायनिक आहे, तेही रोज एकदाच. पण वजन ५० किलोपेक्षा कमी किंवा मूत्रपिंड फारच अशक्त असेल तर ते देत नाहीत. त्याचा असर एनोक्सापॅरिनपेक्षा खूप लांबतो आणि तो उलटवणारा खास उताराही नाही. गोळी चालणार असेल तर हा पेच सुटतोच.

ॲस्पिरिनवर भागेल?

ही सगळ्यात स्वस्त वाट, म्हणून मोहाची. ऑस्ट्रेलियात ९,७११ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९० दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्यांचं प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात ३.४५ टक्के आणि एनोक्सापॅरिनच्या गटात १.८२ टक्के आलं. पण अपघातातल्या हाडमोडीच्या रुग्णांवरच्या २०२३च्या मोठ्या चाचणीत मृत्यूच्या बाबतीत ॲस्पिरिन इंजेक्शनपेक्षा उणं ठरलं नाही. पाच दिवस रिव्हारोक्साबॅन आणि पुढे ॲस्पिरिन ही मधली वाटही चाचणीत टिकली आहे. तेव्हा डॉक्टरांनी विचार करून लिहिलं असेल तर बिनधास्त घ्या. स्वतःच्या मनाने, "हार्टवाली छोटी गोळी घरात आहेच" म्हणून इंजेक्शन बंद करू नका.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्या ज्यांना आधीपासून चालू आहेत त्यांची गोष्ट वेगळी. दोन आठवड्यांसाठी नव्याने सुरू करायला ते गैरसोयीचं: असर यायला दिवस लागतात, वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, तपासावा लागतो आणि पालक-मेथी कमी-जास्त झाली तरी फरक पडतो.

इंजेक्शन ठरलंच, तर देणार कोण?

स्वतः, घरातलं कुणी, किंवा बाहेरची सिस्टर. मी आधी रुग्णालाच विचारतो. गुडघा दुखत असला तरी हात मोकळे आहेत, पोट समोरच आहे, आणि किती दाब दिला हे स्वतःइतकं कुणाला कळत नाही. नजर अधू असेल, हात थरथरत असतील, तर घरातल्या धीराच्या माणसाने द्यावं. ते नात्याने कोण आहे याला महत्त्व नाही. रोज त्या वेळेला घरी असणारं हवं.

सिस्टर घरी येत असेल तर उत्तम, पण रोजची फी धरली की इंजेक्शनचा खर्च आणखी फुगतो आणि रविवारी गैरहजेरी ठरलेली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून आईला रोज खाली उतरवून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेणं हा तर उलटा कारभार. तिथला कंपाउंडर सवयीने दंडात किंवा कमरेत टोचेल आणि कापसाने चोळेलही. हे औषध स्नायूत द्यायचं नसतं आणि चोळायचं तर मुळीच नाही.

ज्या घरात इन्सुलिन घेतात तिथे भीती कमी असते, पण सवय आडवी येते. इन्सुलिन भरताना आपण टिचकी मारून हवेचा बुडबुडा बाहेर काढतो. ४० मिलिग्रॅमच्या तयार भरलेल्या एनोक्सापॅरिन सिरिंजमध्ये दिसणारा बुडबुडा तसाच ठेवायचा. तो काढायला गेलं की औषधाचा थेंब सांडतो, डोस कमी होतो आणि सुईला ओलं औषध लागून कातडीवर काळानिळा डाग पडतो.

हात साबणाने धुवा. पाठ टेकून बसा किंवा आडवे व्हा. बेंबीपासून निदान दोन इंच दूर, पोटाच्या डाव्या किंवा उजव्या कडेची जागा घ्या. आज डावी, उद्या उजवी. जुना व्रण किंवा डाग टाळा. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. अंगठा आणि तर्जनीत कातडीची जाड घडी धरा, सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत जाऊ द्या. दांडा सावकाश दाबा, अर्धं मिनिट लागलं तरी चालेल, आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नका. रक्ताचा थेंब आला तर कापूस नुसता दाबून धरा. हॉस्पिटलमध्ये असतानाच एक इंजेक्शन सिस्टरच्या नजरेसमोर घरच्याने द्यावं. त्या पाच मिनिटांनी जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही.

वेळ रोज एकच ठेवा. विसरलात आणि आठवण झाली तर द्या, पण दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर आधी फोन करून विचारा. दोन कधीच एकदम नाहीत. "सकाळी दिलं का रे?" असा संशय आला तर बॉक्समधल्या उरलेल्या सिरिंज मोजा, त्यासाठी पहिल्या दिवशीच बॉक्सवर तारखा लिहून ठेवाव्यात. बॉक्स फ्रीझरमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या घरात टीव्हीवरच्या फळीवरही नको. बॉक्सवर किती अंश छापलेत ते वाचा आणि घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा निवडा.

दोन्हीकडे सारखाच धोका

रक्तस्राव. गोळी घ्या नाहीतर सुई, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी तो वाढतो. "गुडघा ठणकतोय, ते कालचं पेनकिलर द्या" म्हणून येणाऱ्याला मी आधी डिस्चार्ज कार्ड मागतो. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर पॅरासिटामॉलवर थांबा.

पोटावर सुईच्या जागी नाण्याएवढा डाग चालतो. काळी, डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारं नाक, डोक्यावर पडणं, जखमेतून वाढती गळती, यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. कमरेत भूल दिली असेल आणि नंतर पाठ दुखून पाय बधिर होऊ लागले किंवा लघवी अडली, तर ते तातडीचं. एका पायाला अचानक सूज, पोटरीत कळ, म्हणजे औषध असूनही गुठळी झाली असू शकते; दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८. इंजेक्शन सुरू करून पाच-दहा दिवसांनी प्लेटलेट कमी होण्याचा एक दुर्मीळ प्रकार असतो. डॉक्टरांनी त्या सुमारास रक्त तपासायला सांगितलं तर "आता बरं आहे" म्हणून टाळू नका.

सुया आणि उरलेलं औषध

काही कंपन्यांच्या सिरिंजमध्ये दांडा पूर्ण दाबला की सुईवर आपोआप आवरण येतं, काहींत येत नाही. घेताना विचारा. थोडे जास्त पैसे गेले तरी घरात लहान मूल असेल तर आवरणाचीच घ्या. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, बोटात घुसते. जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत सगळ्या टाका. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांत घरातल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या ओल्या-सुक्यात मिसळल्या की कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातात घुसतात. बाटली बंद करून, वर ठळक लिहून, वेगळी द्या किंवा हॉस्पिटलच्या फॉलोअपला जाताना तिथे देऊन या.

आणि पूर्ण कोर्स एकदम विकत घेऊ नका. डॉक्टर कधी सातव्या दिवशीच इंजेक्शन थांबवतात, कधी गोळीवर नेतात, आणि मग उरलेल्या सिरिंज घेऊन लोक परत येतात. कुठे आणि किती उन्हात राहिल्या ते आम्हाला माहीत नसतं, त्यामुळे त्या परत घेऊन दुसऱ्या रुग्णाला देता येत नाहीत. पाच-पाच घ्या, शनिवारी पुढच्या तीन दिवसांची बेगमी मोजा, आणि दुकानदाराला आधी सांगून ठेवा म्हणजे तीच कंपनी, तीच ताकद मिळेल.