घराजवळ कोणता रॉयल पाम लावावा: रेजिया की व्हायोलेशिया?

रॉयल पाम लावायचं ठरलंय आणि जागेला ऊन-पाणी भरपूर आहे, असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की सगळीकडे दिसणारा रॉयस्टोनिया रेजिया घ्यावा, की क्यूबाच्या पूर्व टोकाला मैसीच्या परिसरात मूळ असलेला दुर्मीळ रॉयस्टोनिया व्हायोलेशिया?

रस्त्याच्या कडेला रांग लावायची तर रेजियाच घ्या. हवी तितकी रोपं मिळतात आणि पांढुरकं, मध्येच फुगीर झालेलं खोड लांबूनही शोभतं. व्हायोलेशियाचं जांभळट करडं खोड मात्र जवळूनच पाहावं. त्याची उंचीही साधारण 15 मीटरपर्यंतच. रेजिया 20 मीटरच्या वर जाऊ शकतो.

घराजवळ मात्र व्हायोलेशिया, हा माझा निर्णय झाला तो झावळ्यांमुळे. रेजियाची वाळलेली झावळी आपोआप गळते, हा त्याचा गुण म्हणून सांगतात. पण ती 3-4 मीटर लांब, बुडाशी जाड आवरण असलेली आणि 20 किलोंच्या आसपास भरणारी असते. जोमदार झाड महिन्याला साधारण एक झावळी टाकतं, तेही वारा नसताना. खाली कौलं असोत की कुंड्या, नुकसान ठरलेलंच. आधीच कापून टाकावी म्हटलं, तर आवरणाने खोडाला पूर्ण वेढलेलं असतं. हिरवी असताना ओढली की आतलं कोवळं आवरण उघडं पडतं. शिवाय पालाश (पोटॅश) कमी पडला की झाड तो जुन्या पानांतूनच वर नेतं; झावळी आधीच कापली की तो साठाही जातो. व्हायोलेशियाही झावळ्या टाकतोच, पण कमी उंचीवरून, आणि त्या हलक्याही वाटतात. वजन करून नव्हे, उचलून सांगतोय. तरी दार आणि पायवाट यांपासून 4-5 मीटर अंतर दोन्हींना ठेवा.

व्हायोलेशियाची खरी अडचण बियांची. जिथे निरनिराळे रॉयल पाम शेजारी-शेजारी आहेत, तिथलं बी संकरित असू शकतं, आणि रोप पाहून ते कळत नाही. खोड दिसेपर्यंत काही वर्षं जातात. म्हणून मूळ माहीत असलेलं ताजं बीच घ्या. गर धुऊन काढा आणि ओलसर, निचऱ्याच्या मिश्रणात 30 अंशांच्या आसपास ऊब द्या. रेजियालाही रुजायला दोन-तीन महिने लागू शकतात, तेव्हा कुंडी लवकर रिकामी करू नका.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोड मातीत गाडलं तर नवी मुळं गुदमरतात. खत 8-2-12 (नत्र-स्फुरद-पालाश) प्रमाणाचं, 4 टक्के मॅग्नेशियम असलेलं, सावकाश विरघळणारं. झावळ्यांखालच्या जागेत दर चौरस मीटरला 70 ग्रॅम, दर 3 महिन्यांनी. नुसता युरिया टाकला की वाढ जोरात होते आणि पालाशाची कमतरता वाढते: जुन्या पानांची टोकं करपतात, पुढे खोड वरच्या बाजूला निमुळतं होत जातं. चुनखडीच्या जमिनीत मधली नवी पानं आखूड, सुरकुतलेली आली, तर मँगनीज सल्फेट द्या. मॅग्नेशियम सल्फेटने ती सुधारत नाहीत.