पीपीडी आणि पीडीडी: लागोपाठ द्याव्यात की अंतर ठेवून?

अमेरिकेत वास्तुविशारदाचा परवाना मिळवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एआरई ५.० परीक्षेच्या सहा विभागांपैकी पीपीडी (प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन, म्हणजे प्रकल्पाचे नियोजन व आराखडा) आणि पीडीडी (प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन, म्हणजे प्रकल्पाचा विकास व कागदपत्रे) हे दोन सर्वांत मोठे असून प्रत्येकात १०० प्रश्न असतात. पीपीडीमध्ये संरचना, वातानुकूलन, इमारतविषयक नियम यांचा आराखड्याशी मेळ घालावा लागतो. पीडीडीमध्ये तेच विषय बांधकामाच्या रेखाचित्रांच्या आणि तपशिलांच्या पातळीवर पुन्हा येतात.

म्हणूनच दोन्ही परीक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देणे मला अधिक योग्य वाटते, कारण भारवहन, अग्निसुरक्षा, भिंतीतून होणारी उष्णतेची व बाष्पाची ये-जा यांचा एकदा केलेला अभ्यास दुसऱ्या वेळी ताजाच असतो आणि उजळणीसाठी फक्त रेखाचित्रे, तपशील व विनिर्देश (साहित्य आणि कामाच्या दर्जाविषयीच्या लेखी अटी) उरतात. अनुत्तीर्ण झाल्यास मात्र तोच विभाग ६० दिवसांनंतरच पुन्हा देता येतो, हे वेळापत्रक आखतानाच ध्यानात घ्यावे.

याउलट, दोन-तीन महिन्यांचे अंतर ठेवल्यास पहिल्या निकालातून उणिवा कळतात. ज्यांनी कार्यालयात बांधकामाची रेखाचित्रे फारशी केलेली नाहीत, भारतातून पदवी घेऊन गेलेल्या आणि अमेरिकेतल्या इमारत-नियमांशी नुकतीच ओळख होत असलेल्या मराठी मंडळींसह, त्यांनी मात्र हाच मार्ग धरावा.